‘आणि?’ म्हणणारी अक्का

तुमच्या घरातली बाई आजारी पडली, तर तिचं दुखणं वैद्याला कोण सांगतं? ती स्वतः सांगते, की तिचा नवरा, दीर, सासरा, जो कोणी ओसरीवर बसलेला असेल तो सांगतो? लगेच उत्तर देऊ नका. आमच्या गल्लीतली अक्का समोर असती, तर तुमच्या पहिल्या उत्तरावर तिने मुळीच विश्वास ठेवला नसता. दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकून ती थोडी पुढे झुकली असती आणि म्हणाली असती, "आणि?"

एवढा एकच शब्द. विहिरीत पोहरा सोडावा तसा ती तो सोडायची आणि दोर धरून थांबायची. समोरच्याला वाटलेलं असायचं, आपलं सांगून झालं. मग त्याच्या लक्षात यायचं, की पाणी अजून बरंच खाली आहे.

निजामाच्या राज्यातल्या नांदेडला आमची घरं समोरासमोर, गोदावरीकडे उतरणाऱ्या गल्लीत. तिचे वडील तहसिलीत पेशकार. तिला उर्दू वडिलांनी शिकवलं, मराठी आईनं, आणि हट्टीपणा कुणी शिकवला यावरून दोघं आयुष्यभर एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. माझ्याहून ती चारेक वर्षांनी मोठी. मला ‘पत्रकराव’ म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. मी वाढलोच पत्रकांवर. सोलापूरकडून विड्याच्या पानांचे डालगे यायचे, त्यांच्या तळाशी बंदी असलेली मराठी पत्रकं असायची. बाकीची पोरं ‘ग गणपतीचा’ शिकत होती तेव्हा मी ‘बंधूंनो’ वाचत होतो. तिचा आवडता उद्योग म्हणजे मला वाटेत अडवणं.

"काय पत्रकराव, आज कुणाला गादीवरून उतरवलं?"

"उतरवूच. तू हस."

"हसू नको तर काय करू? तुम्ही सकाळी उतरवता, संध्याकाळी तो पुन्हा बसलेला असतो."

मी चिडायचो. ती हसत हसत नदीवर धुणं घेऊन जायची. खादीचं धुणं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यावरून काही लोकांनी तिला सरकारची मुलगी ठरवलं.

हैदराबादला मावशीकडे राहून ती इंटर झाली. डॉक्टर व्हायचं हे तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. प्रश्न एवढाच होता, की कुठल्या कॉलेजात. आणि आमच्या गल्लीत कुणाचाही प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. मुंबईचं नाव निघताच तिच्या आत्यानं हात जोडले. "तिथं ट्रामखाली पोरी सापडतात म्हणे." पुण्याचं नाव वडिलांनीच मागे घेतलं. "आपण तोंड उघडलं की तिथं लोक हसतात." शेवटी तिनं दोन ठिकाणी अर्ज केले. एक नागपूरच्या मेडिकल शाळेत, जिथे इंग्रजीतून शिकवतात, आणि दुसरा हैदराबादच्या कॉलेजात, जिथे सगळं वैद्यक उर्दूतून. दोन्हीकडून होकार आला.

हैदराबादच्या मुलाखतीलाही ती खादी नेसूनच गेली होती. समोरच्या एका साहेबांनी भुवया वर करून विचारलं, "बीबी, हे कापड इथे चालेल असं वाटतं तुम्हाला?" अक्का म्हणाली, "धुतलेलं आहे, साहेब. दवाखान्यात एवढंच बघतात ना?" साहेब हसले आणि पुढचा प्रश्न हाडांबद्दल विचारला. ही हकिकत तिनं नव्हे, तिच्या मावशीनं सांगितली, तीही कपाळावर हात मारून.

आता आमच्या मंडळाबद्दल. गुरुजी आमचे पुढारी. आपल्या भाषेत पोरांना चार अक्षरं शिकवायची तर ज्या राज्यात दारोदार परवानगी मागत फिरावं लागतं, त्या राज्यात त्यांनी मराठी शाळा चालवली होती. मंडळाचा निर्णय होता: नांदेडच्या कुणीही निजामाच्या कॉलेजात पाऊल ठेवायचं नाही. तो निर्णय मला तेव्हा योग्य वाटत होता आणि त्यामागचा राग मला आजही योग्य वाटतो. गुरुजींनी नागपूरला एका स्नेह्याच्या घरी अक्काची सोयसुद्धा करून ठेवली. "लेकीसारखी राहील," असा निरोप आला. अक्कानं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मामाकडे लातूरला निघून गेली.

मलाही त्या सुमाराला लातूरला काम निघालं. काम पत्रकांचं, पण खरं सांगायचं तर तिची समजूत घालणं हाच हेतू. मामाचं घर गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत. मी पोचलो तेव्हा अक्का शेजारच्या अत्तारांच्या परसात बायकांच्या घोळक्यात बसली होती. मला बघून दोघी-तिघींनी पदर ओढले, एक गोषातली बाई उठून आत गेली. अक्का वैतागून बाहेर आली.

"आलास? आत्ता कुठं बोलायला लागली होती ती."

"कशाबद्दल?"

"ते तुला कशाला सांगू? तू काय डॉक्टर आहेस?"

मग आम्ही गंजाकडे चालत गेलो आणि तिनं मला चाचीची गोष्ट सांगितली. याच अत्तारांच्या घरातली चाची. अक्का लहानपणी सुट्टीत लातूरला यायची आणि चाचीच्या मांडीवर बसून खारका खायची. एकदा चाची आजारी पडली. डॉक्टर आला, पण बसला बाहेर ओसरीवर. मध्ये पडदा. पडद्याआडून फक्त चाचीचा हात बाहेर, नाडी बघायला. लहान मुलीला आतबाहेर करायला हरकत नसते, म्हणून आतलं बाहेर सांगायचं काम अक्काकडे.

"चाचीनं सगळं सांगितलं," अक्का म्हणाली. "कधीपासून, कसं, कुठून कुठं कळ जाते, कपड्याला काय लागतं. भाकरी भाजून व्हावी इतका वेळ ती बोलत होती. मी सगळं लक्षात ठेवलं. बाहेर जायला वळले तर सासूनं हात धरला. ‘ये सब मर्दों के सामने नै बोलते. बोल, पेट दुखरा. बस.’"

"मग?"

"मी बोलले, पेट दुखरा. डॉक्टरनं पेट दुखरा याचं औषध दिलं."

पुढचं मी विचारलं नाही. परसातल्या घोळक्यात चाचीच्या वयाची कुणी नव्हती, ते मी बघितलंच होतं.

वाचकहो, तुम्हीही हे पाहिलं असेल. आपल्याकडे बाईचं दुखणं उंबऱ्याउंबऱ्याला लहान होत जातं. माजघरात ते हातभर असतं, ओसरीवर येईतो बोटभर. यात मुसलमान आणि हिंदू असा भेद नाही. तिकडे पडदा असतो, आपल्याकडे पडद्याचं काम नवरा करतो.

मी माझा मुद्दा सोडला नाही. "मग नागपूरला जा. लवकर डॉक्टर हो, आणि चाचीसारख्यांना वाचव. निजामाचीच पाटी कशाला हवी?"

"अजून ठरवून राहिले मी," ती म्हणाली. "कॉलेज कोणाचं, हे तू मला रोज सांगतोस. कॉलेजात समोर कोण असणार, ते कुणीच सांगत नाही."

नांदेडला परतल्यावर गुरुजींच्या घरी बैठक बसली. आम्ही सतरंजीवर पुरुष आठ-दहा, आणि दाराजवळ अक्का. तिच्याकडून नागपूरचा होकार घ्यायचा आणि बैठक संपवायची, असं ठरलेलं. गुरुजी बोलू लागले. ते बोलायला लागले की आम्हाला तुरुंगाचीही भीती वाटत नसे. भाषा, स्वाभिमान, गुलामीची पदवी, सगळं झालं. मग म्हणाले, "पोरी, तुझ्या तोंडून एकदा ऐकू दे सगळ्यांना."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. काकू म्हणजे गुरुजींच्या पत्नी, माहेर देगलूरकडचं, तेलुगू मुलखाला लागून. कपबशा ठेवायला वाकल्या आणि उठताना त्यांनी दाराची चौकट धरली. आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. आम्ही स्वाभिमान पाहत होतो.

"काकू, कधीपासून दुखतंय?" अक्कानं विचारलं.

"तिला काही नाही," गुरुजी म्हणाले. "दिवसभराच्या कामाचा शीण, दुसरं काय."

अक्का गुरुजींकडे वळलीच नाही. "काकू?"

"काही न्हाई गं. शीण हाय."

अक्कानं तळवे गुडघ्यांवर ठेवले. "आणि?"

काकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा आम्हा सगळ्यांकडे. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. अक्का उठून त्यांच्या मागे गेली आणि दार लोटून घेतलं.

आम्ही बसून राहिलो. आतून काकूंचा आवाज येऊ लागला. आधी हळू, अडखळत, मराठीत. मध्येच अक्काचं ‘आणि?’. मग आवाज वाढला, वेग वाढला, आणि एकाएकी काकू तेलुगू बोलायला लागल्या. शब्द आम्हाला कळत नव्हते. ‘नोप्पी, नोप्पी’ एवढं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. आमच्यातल्या देगलूरच्या एकानं मान खाली घालून सांगितलं, नोप्पी म्हणजे वेदना. चहावर साय धरली. कुणी कप उचलला नाही. ज्या बाईच्या तोंडून आम्ही ‘चहा घ्या’पलीकडे काही ऐकलं नव्हतं, ती बोलत होती आणि थांबत नव्हती.

गुरुजींच्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "एवढं बोलते ही?"

थोड्या वेळानं अक्का बाहेर आली. डोळे लाल, पण आवाज कोरडा. "गुरुजी, काकूंना मोठ्या दवाखान्यात दाखवायला हवं. बाई डॉक्टरला. हा शीण नाही."

"नागपूरला..." गुरुजींनी सुरुवात केली.

"नागपूर लांब आहे. आणि तिथं काकूंची नोप्पी कुणाला कळणार? मलाच अर्धी कळली." ती उभ्यानंच बोलत होती. "माझं ठरलं, गुरुजी. मी हैदराबादला जाते. तिथल्या वॉर्डात देगलूरची बाई असते, बीदरची असते, लातूरची चाची असते, बिलोलीची आपली मराठी बाई असते. शेजारी शेजारी खाटा. चौघींचं दुखणं चार भाषांत. मला त्या खाटांमधून हिंडायचंय."

मी उसळलो. "आणि मराठी? आपली भाषा?"

"मराठी माझीच आहे की रे. ती मला कोण शिकवणार, आणि कोण काढून घेणार? जे येत नाही ते शिकायला माणूस कॉलेजात जातो."

"शब्द मोडलास, अक्का."

"मी शब्द दिला कधी? तुम्ही ठरवलं. मी ऐकून घेतलं. मला ऐकायची सवय आहे."

मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, काही केलीही आहेत. पण एका माणसानं सगळ्या बैठकीपुढे, आवाज न चढवता, आपला रस्ता आपण असा उचलून घेतलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. मला तिचं म्हणणं पटलं नव्हतं, तरीही आला.

पुढचं दृश्य नांदेडच्या स्टेशनावरचं. हैदराबादची गाडी लागलेली. जनाना डब्यात अक्का आणि काकू. शेजारच्या डब्यात, डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर वळकटी घेऊन, खुद्द गुरुजी. निजामाच्या गाडीनं, निजामाच्या दवाखान्यात, बायकोला घेऊन. मंडळाचा निर्णय आमच्याबरोबर फलाटावरच राहिला. काकूंनी वाटेसाठी धपाटे केले होते आणि घरात हाताला लागले त्या कागदात बांधले होते. ते कागद पाहून मी खिडकीपाशी धावलो.

"अक्का, ही पत्रकं आहेत! पोलिसानं पाहिलं तर?"

"तर पत्रकासकट खाऊन टाकीन," ती खिडकीतून म्हणाली. "पत्रकराव, तुमचं लिखाण एकदा तरी पोटात उतरू दे."

गाडी हलली. तिनं हात हलवला नाही. ती काकूंकडे वळून बसली होती, तळवे गुडघ्यांवर.

काकूंच्या पोटात गाठ होती. ती काढली. काकू परत आल्या त्या ताठ चालत. अक्का सुट्टीत यायची, दर खेपेला एखादी नवी भाषा थोडी थोडी घेऊन, आणि मला अडवायची. "काय पत्रकराव, अजून बसलेलाच आहे का तो?"

अजून बसलेलाच आहे. म्हणून तर हे मी निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडातल्या एका छावणीत बसून लिहितो आहे. गुरुजी इथंच आहेत, काकूही आहेत. विद्यार्थ्यांनी कॉलेजं सोडून बाहेर पडावं असं आम्ही बोलावणं धाडलं, तेव्हा पुष्कळजण आले. अक्काचं हे शेवटचं वर्ष. तिला मी माणसाकरवी निरोप पाठवला. तिचा उलट निरोप आला: "वॉर्डातल्या बाया उठल्या, की येते." त्यानंतर तिकडून टपाल नाही. शहराबद्दल रोज नवी अफवा येते आणि रोज मी ती खोटी मानायचं ठरवतो. वॉर्ड कधी रिकामा होत नसतो, हे मला ठाऊक आहे. तिला तर माझ्याआधी ठाऊक होतं.

काल छावणीत एक नवी बाई आली. तिचा भाऊ सांगत होता, तिला काही नाही, चालून दमली. काकू तिच्यापाशी जाऊन बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "आणि?" गुरुजींनी त्या भावाला दंडाला धरून बाहेर नेलं.

माझी पत्रकं ‘उठा’ म्हणून संपतात. आज मागणं तेवढंच आहे, पण लांब जायचं नाही. उठा, आणि आपल्याच माजघरात जा. तिथं जी बाई असेल तिला विचारा, कुठं दुखतं. ती म्हणेल, काही नाही. तिच्या वतीनं कुणी बोलायला लागला तर त्याला गप्प करा, मग तो तुम्ही स्वतः का असेना. तिच्यासमोर खाली बसा. म्हणा, "आणि?"

आणि मग, मेहेरबानी करून, थांबा.