टाके पडलेला वाघ

मैदानात गोल कमी होतात, किस्से जास्त. आमच्या नाशिकरोडच्या रविवार लीगमध्ये मॅच शून्य-शून्य सुटली तरी आठवडाभर चहाबरोबर पुरेल एवढं काहीतरी घडतंच. यंदा तर लीगचं नावच बदललं. मग काय, ढीग लागला.

ही लीग माझ्या मोठ्या भावानं, निलेशदादानं, चार मित्र घेऊन सुरू केली होती. यंदाच्या सीझनआधी तो गेला. सिन्नरहून, कंपनीतून मोटारसायकलवर येत होता. घरी पोचला नाही. त्याच्यामागं लीग बंदच पडणार होती, पण एक स्पॉन्सर मिळाला. त्यांनी नेट दिल्या, टी-शर्ट दिले आणि नाव दिलं, 'थंडर सॉकर लीग'. दादानं काढलेला लोगो होता बूट आणि द्राक्षाचा घड. तो गेला, त्या जागी डरकाळी फोडणारा वाघ आला.

वाघ बघून सिन्नर टीमचा कॅप्टन बाळू म्हणाला, "आपल्याकडं वाघ कुठं हाय? बिबट्या टाकायचा ना."

स्पॉन्सरचे साहेब म्हणाले, "अरे, ते ताकदीचं प्रतीक आहे."

"साहेब, मागं आमच्या उसात बिबट्या निघाला, तवा आख्खी टीम पाण्याच्या टाकीवर व्हती. ताकद बघितली आमी."

*

माइकवर आमचे काळेकाका असतात, रेल्वेतून रिटायर झालेले. साहेबांनी त्यांना नवं नाव कागदावर लिहून दिलं. काका दर वेळी वाचायचे, "थंडर सॉकर लीग, म्हणजे आपली रविवारची."

साहेबांनी हात जोडले. "काका, तेवढं 'म्हणजे' काढा."

पुढच्या रविवारी काका "थंडर सॉकर लीग" एवढंच म्हणाले आणि थांबले. कडेला बसलेली सगळी पब्लिक एका सुरात म्हणाली, "म्हणजे आपली रविवारची!"

काकांनी साहेबांकडं बघितलं. "मी नाही बोललो."

*

मला मात्र हसू येत नव्हतं. एका सकाळी मी खांबावर चढलो आणि ब्लेडनं वाघाचा फ्लेक्स उभा फाडला. विचार वगैरे काही केला नाही. खाली उतरलो तर काळेकाका उभे.

ते ओरडले नाहीत. दुपारी घरी आले ते दाभण आणि सुतळी घेऊन. म्हणाले, "शिव."

"मी नाही शिवणार. दादाचं काय ठेवलं त्यांनी?"

"लीग ठेवली. शिव."

तीन तास लागले. बोटं सोलली. तेव्हापासून वाघाच्या थोबाडावरून शिवण जाते. बाळू म्हणतो, "आता कसा आपल्यातला वाटतोय. टाके पडलेला."

*

आईनं माझा नवा टी-शर्ट धुवायला घेतला. वाघाकडं बराच वेळ बघत बसली. मग विचारलं, "निलेशची लीग बंद झाली का रे?"

"नाही. तीच आहे. नाव बदललं फक्त."

"पोरं तीच?"

"तीच."

"मैदान?"

"तेच."

"मग उलटा करून वाळत घाल. रंग उडेल त्याचा."

*

दर रविवारी सकाळी फक्की टाकून मैदान आखायचं काम दादाचं. पेनल्टीचा पॉइंट तो टेपनं नाही, पावलांनी मोजायचा. गोललाइनपासून बारा पावलं, तिथं पांढरा ठिपका. दादा बुटका. यंदा साहेबांची माणसं टेप घेऊन आली तेव्हा कळलं की ठिपका चांगला दोन पावलं अलीकडं आहे.

"इतकी वर्षं तुम्ही इथून पेनल्टी मारताय?"

सगळे खाली बघायला लागले. बाळू हळूच म्हणाला, "तरीच माझे एवढे गोल झाले."

साहेबांच्या माणसानं बुटानं घासून दादाचा ठिपका पुसला आणि मागं नवा टाकला. त्या दिवशी माझ्या खिशात ब्लेड नव्हतं. असतं तरी जमिनीत काय कापणार होतो?

*

फायनल आमची आणि मनमाडची. एक-एक बरोबरी, शेवटची दोन मिनिटं, आणि आम्हाला पेनल्टी. मारायला मी. बॉल नव्या ठिपक्यावर ठेवला.

मनमाडचा गोलकीपर इरफान गोल सोडून पुढं आला. त्यानं माझ्यासमोरून बॉल उचलला, परत गोललाइनवर गेला आणि तिथून मोजत निघाला. छोटी छोटी पावलं, दादा टाकायचा तशी. बारा झाल्यावर बॉल खाली ठेवला.

त्याची टीम ओरडायला लागली. बाहेरून आलेला रेफरी धावत आला. "असं चालत नाही."

"सर, इधर ऐसाच चलता," इरफान म्हणाला.

रेफरीनं टेबलाकडं बघितलं. साहेब उठून काहीतरी सांगत होते. काळेकाकांनी माइक बंद केला आणि शिट्टी मारायची खूण केली. शिट्टी वाजली.

इरफान गोलमध्ये जाऊन हात पसरून उभा राहिला. "चल, मार. सोडणार नाय तुला."

मी मारला. त्यानं माझ्या डावीकडं झेप घेऊन अडवला.

मी तिथंच बसलो. तो बॉल काखेत मारून माझ्याजवळ आला, गुडघ्यावर टेकला.

"तुझा दादा पण असाच," तो म्हणाला. "बघायचा डावीकडं आणि मारायचा पण डावीकडंच."