दोन सायलेन्सर अन् घमेलंभर राख

मंडळी, आज जमलं! बाबांच्या जुन्या सहा सिलिंडरच्या ट्रकला दोन सायलेन्सर बसले. पुढच्या तीन सिलिंडरचा धूर एकातून, मागच्या तीनचा दुसऱ्यातून.

मागच्या महिन्यात मीच घोटाळा केल्ता. इंजिनाला लागून असलेलं धुराचं कास्टिंग, म्हंजे ओतीव लोखंडाची नळी, धूर दोहीकडं वाटायला मधोमध कापलं, वेल्डिंग केलं अन् जल्दी गार व्हावं म्हणून वरून पाणी ओतलं. टण्णकन तडा गेला. बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले न्हाईत.

मंग दुसरं कास्टिंग घेऊन शहागडच्या जुन्या वेल्डर रफीक चाचांकडं गेलो. त्यांनी ते आधी कोळशावर तापवलं, वेल्डिंग केलं अन् शेजारच्या ढाब्यावरून घमेलंभर गरम राख आणून त्यात पुरून टाकलं.

चाचा म्हणाले, "उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई. लोखंडाला जल्दी न्हाई बेटा, तुलाच हाय."

आज दुपारी ते ट्रकला बसवून सेल मारला. तडा न्हाई, गळती न्हाई, अन् आवाज असा भरीव की ढाब्यावरचे ड्रायव्हर जेवण सोडून उठले.

बाबा "सरक तिकडं" म्हणून स्वतः स्टेअरिंगवर बसले. गोदावरीचा पूल ओलांडून गेलेत, अजून परत आले न्हाईत!

आता तुम्हीच सांगा, ही माफी समजायची का शाबासकी? मी तर दोन्ही धरून बसलोय.