बंडीतलं पिल्लू

माझ्या सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि माझ्या माहेरी, कनेरगाव नाक्याला, अंगणात माणसांपेक्षा कोंबड्या जास्त. लग्न जमवणाऱ्याला दोन्ही गोष्टी पक्क्या माहीत होत्या. तरी त्यानं जमवलं आणि वर पोटभर जेवून गेला.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा दिवस उगवला की शेतात. राहिलो मी आणि सासरे. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. म्हणून ते ओसरीतल्या खांबाशी बोलायचे. "चहा झाला असंल तर आणावं म्हणा." खांब काही हलायचा नाही, मी हलायचे. मलाही उत्तर द्यायचं तर खांबालाच द्यावं लागे. त्या घरात सगळ्यात जास्त बोलणी त्या खांबानं ऐकली असतील.

एवढ्या मोठ्या घरात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं. म्हणून मी कोंबड्या मागितल्या. नवऱ्यानं भीत भीत विषय काढला. सासरे तंबाखू मळता मळता म्हणाले, "गोठ्याच्या मागं ठेवा. मला शिवू देऊ नका. आन् माझ्या दारात कोंबडीचा जीव गेला, कापून जावो का मरून, तर त्याच दिवशी समद्या कोंबड्या कनेरगावला."

"अन् घारीनं नेलं तर?" नवऱ्यानं विचारलं.

"घारीनं नेलं तर ते घारीच्या दारात मेलं."

न्याय सरळ होता. मी माहेराहून कोंबड्या आणल्या.

थंडीच्या दिवसांत एक कोंबडी खुडूक झाली. मी तिला अंड्यांवर बसवली. पिल्लं निघाली, आणि बाई त्यांना घेऊन तोऱ्यात उकिरड्यावर निघून गेली. मागे एक अंडं राहिलं. त्याला टोच पडली होती, आतून बारीक ची-ची येत होती, पण पिल्लू काही बाहेर येईना. मोबाईलवर एक भैया सांगत होता, "बच्चे को खुद निकलने दो." मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "त्या भैयाच्या बापाचं काय जातंय? आतला पापुद्रा सुकला की लेकरू तिथंच चिकटून मरतंय. कोमट पाण्यानं ओलं कर अन् हळूहळू सोल."

मी सोललं. बाहेर जे आलं त्याला पिल्लू म्हणायला मन धजेना. भांडी घासायच्या काथ्याचा ओला बोळा असावा तसं ते दिसत होतं. मान धरवत नव्हती. पाय फाकलेले, एक गोरेगावकडं तर दुसरा हिंगोलीकडं.

त्याला ऊब पाहिजे होती. पण हल्लीच्या बल्बांना उजेड आहे, ऊब नाही. जुना पिवळा बल्ब आणायला नवऱ्याला जवळच्या गोरेगावला पिटाळलं. दुकानदार हसला म्हणे. नवरा पांढराच बल्ब घेऊन आला, गॅरंटीचा. गॅरंटी बल्बची होती, पिल्लाची नव्हती. बल्ब माझ्या हातात टेकवून तो परत शेतात गेला.

पिवळा बल्ब आख्ख्या घरात एकच होता, देवघरात. सासऱ्यांनी तो कधी बदलू दिला नाही. पांढऱ्या उजेडात देवाचं तोंड निळं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मी धीर करून खांबाला म्हटलं, "देवघरातला बल्ब थोडा वेळ मिळाला असता तर बरं झालं असतं."

"देवाचा बल्ब कोंबडीला?" सासरे खांबावर खेकसले. "उद्या म्हणतील, देवाची शाल बी द्या!"

माझं डोकं असं तापलं की पिल्लू डोक्यावर ठेवलं असतं तरी जगलं असतं. मी काही बोलणार, तेवढ्यात लाईट गेली. डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत सगळ्यांच्या मोटारी एकदम चालतात आणि डीपी जळते. मग ती बदलायला कोणी येईपर्यंत गावानं एकमेकांकडं बघत बसायचं. आता देवाचा बल्बसुद्धा थंडच होता.

मी पिल्लू पदरात धरून पायरीवर बसले. माझे हात भांड्यांच्या पाण्यानं गारठलेले. पिल्लानं मान टाकली. हे गेलं की गोठ्यामागच्या सगळ्या जाणार, आणि मी पुन्हा त्या खांबासोबत दिवस काढणार, एवढंच मला दिसत होतं. मला रडू आलं. रागाचंच होतं, पण रडू ते रडू.

"मेलं का?"

मी वर पाहिलं. सासरे माझ्याकडं बघून बोलत होते.

"न्हाई मामा. मरून राहिलं."

"मग रडून काय राहिली? आण इकडं, पोरी."

त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून तंबाखूची पिशवी काढली, चुन्याची डबी काढली, खिसा उलटा करून झटकला आणि पिल्लू आत ठेवलं. वरून घोंगडी घेतली आणि उन्हात बाज ओढून बसले. मी खांबाकडं पाहिलं. त्यालाही काही सुचत नव्हतं.

"आता आंघोळ करावी लागन," ते म्हणाले.

"पाणी तापवू?"

"थांब. आता केली अन् परत उचललं, तर परत करा. ह्या थंडीत किती डाव करू? शेवटी एकदाच करतो."

म्हणून त्यांनी पिल्लू खाली ठेवलंच नाही. कोंबडीला शिवलेल्या अंगानं जेवायचं कसं, म्हणून जेवलेही नाहीत. चहा तेवढा घेतला, चहाला विटाळ नसतो म्हणाले. गुळाचं पाणी थेंबथेंब पाजायला मी कापूस शोधत होते, तर म्हणाले, "देवघरातल्या फुलवाती घे." मग मी त्यांच्या खिशात हात घालून पिल्लाला पाजलं, आणि त्याचे फाकलेले पाय लोकरीच्या धाग्यानं जवळ बांधले. खुदकन हसू येत होतं, ते दाबलं.

दिवस मावळताना मारुतीच्या देवळात हरिपाठ असतो. तो त्यांनी कधी चुकवला नव्हता. पण बिनआंघोळीचं देवळात जायचं कसं? ते घोंगडी पांघरून गेले आणि देवळाबाहेरच्या पायरीवर बसले. मी मागोमाग दिव्याला तेल द्यायच्या निमित्तानं गेले. माझा जीव त्या बंडीत होता.

"आबा, बाहेर काहून बसले? घरी कोणाचं सुतक हाय का?" आतून एकानं विचारलं.

"न्हाई. आत उकडून राहिलं," सासरे म्हणाले. बाहेर दात वाजत होते.

हरिपाठ सुरू झाला. टाळ वाजले आणि बंडीतून ची-ची आली. सासऱ्यांनी आवाज चढवला. पिल्लानंही चढवला. त्या दिवसाएवढ्या मोठ्यानं हरिपाठ आमच्या गावात कोणी म्हटला नसेल.

घरी आलो तेव्हा पिल्लू खिशातून मान काढून बघत होतं. अंधार पडला होता. मी त्याला हळूच कोंबडीच्या पंखाखाली सरकवलं. अंधारात कोंबडीला मोजता येत नाही. मग सासऱ्यांनी आंघोळ केली आणि भाकरी मागितली. मला मागितली, खांबाला नाही.

पिल्लू जगलं, त्याचा कोंबडा झाला. पण आपली आई कोण, हा त्याचा गोंधळ काही मिटला नाही. सासरे जातील तिथं तो मागे. पायात घुटमळला की आधी ते आंघोळ करायचे, मग नुसते पाय धुवायचे, मग नुसतं "हाड" म्हणायचे, तेही प्रेमानं.

आखाडात नणंदेचा नवरा पाहुणा आला. आखाड म्हणजे श्रावणाआधी खाऊन घ्यायचा महिना, आणि पाहुणा जावई. कापण्याजोगा कोंबडा तेवढा एकच. "दारात न्हाई, शेतात कापतो," नवरा म्हणाला. सासरे उठून गोठ्याकडं गेले.

थोड्या वेळानं कोंबडा अंगणात आला. गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात तुळशीचा मणी.

"त्यानं माळ घातली," सासरे म्हणाले.

"कोंबड्यानं?"

"मंग? माळकऱ्याला कापता का रे?"

जावयानं वांग्याची भाजी खाल्ली. गावात कोणाची त्या कोंबड्यावर सुरी उचलायची छाती झाली नाही. तो उकिरड्यावर किडे वेचायचा, तेव्हा मी म्हणायचे, "मामा, तुमचा माळकरी पाहा." ते तोंड फिरवून म्हणायचे, "माझं ध्यान न्हाई तिकडं."

परवा, थंडी सुरू होताना, पुन्हा एक कोंबडी अंड्यांवर बसली. दिवा लावायला देवघरात गेले तर देवाचं तोंड निळं दिसलं. वर पांढरा बल्ब होता, तो गॅरंटीचा. मी गोठ्यामागं धावले. खुराड्यावर वायर ओढून पिवळा बल्ब लावलेला, आणि सासरे तळहात धरून त्याची ऊब बघत होते.

"मामा, अन् देव?"

"देवाला थंडी वाजत न्हाई, पोरी," ते म्हणाले. "अजून थोडा खाली घेऊ का?"