उशाचा तांबडा दिवा

रेडिओ चालू आहे हे कळायला माणसाला दोन कान पुरतात. तरीही आमच्या रेडिओच्या कपाळावर एक तांबडा दिवा होता. लहानसहान नव्हे. लिंबाएवढं काचेचं भिंग, आणि त्याच्या मागे बल्ब. सेट सुरू केला की खोलीभर तांबडं पसरायचं, जणू मालगाडी थांबवायची होती. आमच्या चाळीतल्या खोलीत मालगाडी येत नव्हती. येत होते फक्त आबा, गिरणीतली तिसरी पाळी संपवून, सकाळी, झोपायला.

रात्रभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला माणूस दिवसा झोपणार, यात कुणाचं काही म्हणणं असायचं कारण नाही. पण खोली एकच. आई त्याच खोलीत विड्या वळायची आणि विड्या वळताना तिला रेडिओ लागायचा. तिची तेवढीच चैन, तीही विड्यांच्या पैशातून तिनं स्वतः केलेली. आवाजाचं आबांना काही नव्हतं. साच्यांच्या खडखडाटात कान गेलेल्या माणसाला बारीक आवाजातली गाणी काय करणार? छळायचा तो दिवा. विजेचा बोर्ड एकाच भिंतीला, तिथं ट्रंकेवर सेट, आणि ट्रंकेला लागून आबांचं अंथरूण, कारण दुसऱ्या बाजूला चूल आणि मोरी. कूस बदलली की उजेड थेट डोळ्यांत.

त्या उन्हाळ्यात आबा साच्यावर उभ्या उभ्या पेंगले. जॉबरनं, म्हणजे खात्यातल्या मुकादमानं, दंडाला धरून मागं ओढलं म्हणून हात वाचला. "पुन्ना डुलकी लागली तर साच्याला हात लावू देनार न्हाय," असं त्यानं बजावलं. आबांनी घरी हे हसत हसत सांगितलं. आई हसली नाही. त्या दिवशी तिनं रेडिओ लावला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी आबाच चिडले.

"लाव की त्यो! तू अशी मुकी बसलीस तर मला आनखीनच झोप येत न्हाय."

मी तेव्हा कामगार संघटनेत नवीन होते. पत्रकं लिहायची, सायक्लोस्टाइल करायची, गिरणीच्या फाटकावर वाटायची. अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचायचा. त्याच आवेशात मी नवी पेठेत गेले, हा सेट जोडून देणाऱ्या रेडिओवाल्याकडे.

"एवढा मोठा दिवा मागितला होता कुणी?"

"ताई, गिऱ्हाईक आधी लाइट बघतं, मग आवाज ऐकतं."

"मग काढून टाका."

"काढला तर सेटच बंद. करंट त्याच्यातनंच पुढं जातो."

"बारीक बल्ब लावा."

"बारीक टिकत नाही, उडतो. आणि खरं सांगू का? तुमच्या आईंनी चार सेट बघितले आणि लाइट बघून हाच उचलला."

माझा विश्वास बसला नाही. घरी येऊन मी बल्ब पिळून काढला. गाणं अर्ध्यात मेलं. "घातलास घोळ?" आई म्हणाली, आणि मला तो परत बसवावा लागला. मग भिंगावर एक उरलेलं पत्रक डकवलं. कामाचे तास आठच हवेत, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. तासाभरात 'आठ'वर तपकिरी डाग पडला आणि करपल्याचा वास सुटला. आबांनी उशी उलट्या बाजूला घ्यावी, असं मी सुचवलं, तर आई कडाडली.

"दिव्याकडं पाय करून मानूस झोपतंय व्हय?"

"आई, तो दिवा नाही. बल्ब आहे."

"सांजंला बल्ब लावल्यावर हात जोडतीस का न्हाय?"

जोडत होते. करपलेलं पत्रक मी सोलून काढलं.

शेवटी आबांनी स्वतःच तोड काढली. सोलापूरच्या त्या उन्हाळ्यात, पत्रा तापलेला असताना, डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढून घ्यायची. घामानं चिंब होऊन पडून राहायचे. झोप मात्र येत नव्हती.

अशाच एका दुपारी आत्या आली. आबांची धाकटी बहीण, श्रीपूरकडच्या गावाहून एसटीनं, न कळवता. मी दाराशीच पत्रकांच्या घड्या घालत होते. आत्यानं खोलीत डोकं घातलं. आत तिचा भाऊ डोक्यावरून चादर घेऊन निश्चल आडवा. उशाशी भर दुपारी दिवा तेवतोय. शेजारी वहिनी मान खाली घालून बसलेली, आणि तंबाखूची धूळ डोळ्यांत गेल्यामुळे पदरानं डोळे टिपतेय. रेडिओ इतका बारीक, की दाराशी ऐकूच येत नव्हता.

आत्याच्या हातातली शेंगांची पिशवी खाली पडली.

"दादा रंऽऽ! मला न बोलता गेलास रंऽऽ!"

तो हंबरडा चाळीच्या टोकापर्यंत गेला. बाया धावल्या. कुणी तांब्या आणला, कुणी नुसतंच गळ्यात गळा घालून रडायला सुरुवात केली. चादर फेकून आबा ताडकन उठून बसले.

"कोन गेलं? कोन गेलं गं?"

"तूच की!" आत्या म्हणाली, आणि मग तिनं भावाच्या पाठीत असा धपाटा घातला की बायांचं रडणं जागच्या जागी थांबलं.

सगळं समजल्यावर आत्या आईवर घसरली. "वैनी, जित्या मानसाच्या उशाला दिवा? आक्कल कुटं ठिवलीस?"

"झाकू कसा, वन्सं? पेटता हाय."

"झाकायला कोन सांगतंय? मड्याच्या दिव्याला कुंकू नसतंय. ह्याला लाव. जित्याचा कर."

आत्यानं स्वतःच वाटीत कुंकू तेलात खललं आणि अंगठ्यानं त्या भिंगावर फासलं. एक थर, वर दुसरा. मग हळदीचं बोट. खोलीतलं तांबडं आटत आटत भिंगाच्या कडेला बारीक रेघ होऊन राहिलं. रेडिओ चालूच होता. आईनं हात जोडले.

पत्रकाला शत्रू लागतो, आभारांना त्यात जागा नसते. म्हणून ते इथं लिहिते. आत्याचे आभार, तिच्या हंबरड्यासकट. मेलेल्यासाठी धावत आलेल्या आणि जिवंत बघून तितक्याच मोकळेपणी हसलेल्या चाळीतल्या बायांचे आभार. त्या रेडिओवाल्याचे मात्र नाहीत. दिवा कमी करायला भिंगावर कुंकू फासावं लागतं, तो माल वाईटच.

"जावा गं आता," आत्या दारातल्या बायांना म्हणाली. "मानूस झोपू द्या."

आबा आडवे झाले, तोंडावरून चादर न घेता. पहिलं गाणं संपायच्या आत घोरायला लागले. आत्या आईजवळ बसली, सुपातलं विडीचं एक पान उचललं, ते नुसतंच हातात धरलं.

"घोरतोय बघ कसा," ती म्हणाली, आणि आता, कुणाला ऐकू जाणार नाही अशी, रडली.