शिखरावरचं खळं

हिमालयात कितीही उंच नेऊन सोडा, आमचे साडू औशाजवळच्या आपल्या शेताबाहेर कधी गेलेच नाहीत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, ते यजमान. मी त्यांना दाजी म्हणे, आणि मी लातूरला कॉलेजात शिकवतो म्हणून ते मला सर म्हणत. या सपाट, काळ्या रानातल्या माणसाला पन्नाशीनंतर बर्फाची शिखरं चढायचा नाद लागला आणि दोराचं दुसरं टोक त्यांनी माझ्या कमरेला बांधलं. सराव म्हणून पाठीवर सोयाबीनचं पोतं घेऊन ते गावच्या पाण्याच्या टाकीचा जिना चढत. खालून कुणी ओरडायचं, "दाजी, वर गिऱ्हाईक हाय का?" हे वरूनच सांगत, "भाव चांगला हाय!"

डोंगरात त्यांच्या चौकशीला अंत नसे. बर्फ उकरून खाली माती लागते का बघत. मग तोच बर्फ जिभेवर ठेवून "कालच्यापेक्षा ह्याला गोडी हाय" असा निकाल देत. एकदा उभ्या बर्फात कुदळ रुतवून मी देवाचं नाव घेत होतो, तेवढ्यात वरून प्रश्न आला, "सर, हितं कावळा काय खात असंल?" खरंच एक काळा पक्षी घिरट्या घालत होता. तो काय खात असेल याचा विचार करता करता माझी चढण संपली.

एका धारेने जोडलेली दोन शिखरं एकाच दिवसात करायची, हा हट्ट मात्र माझा होता. त्यासाठी मी हिवाळाभर नकाशे वाचले होते. पहिल्या माथ्याखाली आम्ही वेळेत पोचलो. आकाश निरभ्र होतं. दोन पावलं उरली असताना दाजी खाली बसले, बुटांचे लोखंडी काटे सोडले आणि नाड्या सोडू लागले.

"दाजी, काय करताय?"

"खळ्यात पायताण घालून जात न्हाईत, सर."

"हे खळं आहे?"

"गोल हाय, सपाट हाय, वारा हाय. धान्य उपणायला आजून काय लागतं?"

लोकरी मोज्यांनी ते वर गेले आणि दोन्ही हात सुपासारखे उंच धरून वाऱ्यात उभे राहिले. खाली उतरले तेव्हा बोटं वळत नव्हती. त्यांचे पाय चोळून, बूट चढवून, नाड्या मीच बांधल्या. तोवर धारेवर ढग बसला होता. दुसरं शिखर तसंच राहिलं.

उतरताना मी रागाने दोर ताणत पुढे चालत राहिलो. तंबूत त्यांनी ताईंनी दिलेली कडक भाकरी माझ्यापुढे सरकवली. "तुमचं शिखर मी खाल्लं, सर. पुढल्या साली तिथं बूट घालून येतो." मला हसू आलं.

पुढल्या साली जायचं राहिलं. त्या हिवाळ्यातच ते झोपेत गेले.

परवा ताईंबरोबर त्यांच्या शेतात गेलो. सोयाबीन निघालं होतं, मशीन भुसा टाकून निघून गेलं होतं. खळं कुठे आहे, म्हणून मी विचारलं.

"मशीन आलं तवाच मोडलं की," ताई म्हणाल्या. "ह्यांनी मातुर लई दिवस तिथं नांगर घालू दिला न्हाई." कडुलिंबाकडे कुठेतरी हात दाखवून त्या पुढे गेल्या.

मी त्या बाजूला निघालो. सगळी जमीन सारखीच दिसत होती. वारा होता. चप्पल नेमकी कुठे काढायची, ते विचारायला माणूस नव्हता.