हिरूकाकाचा ओ

आमच्या झरी गावात घरं लांब लांब आहेत, या टेकाडावर एक, त्या टेकाडावर एक, त्यामुळे आम्ही फोनपेक्षा हाकाच जास्त मारतो. आणि हाकेला ओ आला नाही की लोक समजतात, माणूस रागावलाय नाहीतर पडलाय कुठेतरी. माझा हिरूकाका, म्हणजे पप्पांचा मोठा भाऊ, याबाबतीत एकदम पक्का. जेवताना हाक आली तरी घास गालात सारून आधी ओ देणार. समोरच्या टेकाडावरच्या रूपीमावशीला गवत कापताना साप चावला होता, तेव्हा तिची हाक ऐकून काका ओढा ओलांडून तिच्याकडे पोचेपर्यंत सगळी वाट ओरडत गेला, "ओ, आलो... ओ, आलो." मावशी अजून सांगते, पाय सुजत होता पण ओ जवळ येत होता, म्हणून डोळे मिटले नाहीत.

तर याच काकाच्या लिव्हरवर सोनोग्राफीत डाग दिसला. डॉक्टर म्हणाले एमआरआय करा, फोटो स्वच्छ आला तर डाग साधा की वाईट ते कळेल, नाहीतर मुंबईला नेऊन सुईने तुकडा काढावा लागेल. मी डहाणूला कॉलेजला, म्हणून तिथल्याच मसोलीच्या एमआरआय सेंटरवर त्याला मीच घेऊन गेले. मी फाइलमधले कागद परत परत मोजत होते, आणि हा वॉचमनला यंदा नाचणी कशी आली ते सांगत बसलेला.

मशीन चालवणाऱ्या मनिषने काकाला आत सरकवलं आणि मला काचेमागे स्वतःच्या बाजूला बसू दिलं. रेकॉर्डिंग सुरू झालं. एक बाई सांगते, श्वास घ्या, सोडा, आता रोखा.

"हो, रोखतो," काका आतून म्हणाला.

फोटो पुसट.

मनिष माइकवर म्हणाला, "काका, बोलायचं नाही. बोललात की पोट हलतं, लिव्हर पण हलतं."

"बरं."

"बरं पण नाही म्हणायचं."

"बरं."

मनिषने कपाळाला हात लावला. मला हसू आलं आणि लगेच रडू, कारण स्क्रीनवर डागाच्या जागी नुसता धूर होता.

मी माइक ओढला. "काका, ती खरी बाई नाहीये, रेकॉर्डिंग आहे."

"असू दे गं. हाक ती हाक. गप्प राहायला बघतो, पण तोंडातून निघतंच."

"मग बाईलाच गप्प करतो," मनिष म्हणाला. "वेळ लागेल, पण यांना हेच जमेल." आणि माइकवर, "काका, आता कोणी काही सांगणार नाही. झोपा, रोजच्यासारखा श्वास घ्या. मशीनच तुमच्या मागून येईल."

त्याने स्क्रीनवर, काकाच्या छाती-पोटामधला श्वासाचा पडदा दिसत होता तिथे, एक बारीक पट्टी आखली आणि तिथे एक लाट चालू झाली. श्वास घेतला की पडदा खाली, सोडला की वर, आणि त्याच्याबरोबर अख्खं लिव्हर खालीवर, जवळजवळ दोन बोटं. मी बायोलॉजी शिकते, ही आकृती कितीदा काढलीय, पण आकृती हलत नाही ना. काका नुसता पडून होता आणि आत एवढं मोठं लिव्हर झुलत होतं, जन्मापासून झुलत असणार, कोणी न बघता. लाट हलत असेपर्यंत मशीन फोटो घेत नव्हतं. काकाने श्वास पूर्ण सोडला, लाट वर जाऊन थांबली, की मशीनचं ढकढकढक. मग परत थांबायचं. मध्येच काकाला खोकला आला, लाट वेडीवाकडी झाली, तर मशीन ती शांत होईपर्यंत वाट बघत बसलं. भिंतीएवढं मशीन, आणि माझ्या काकाच्या श्वासासाठी अडून बसलेलं.

फोटो आला तेव्हा धूर नव्हता. डागाची कड चिकूच्या बीसारखी गुळगुळीत.

काका बाहेर येऊन चपला शोधत म्हणाला, "हे बरंय. मी श्वास सोडला की ते ओ देतं. पक्कं आहे एकदम."

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, रक्तवाहिन्यांचा गुच्छ आहे, वाईट काही नाही, हात लावायची गरज नाही. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. काका म्हणाला, "अगं, मला सांगितलं ना, तू कशाला रडतेस?"

संध्याकाळी झरीला पोचलो तर समोरच्या टेकाडावरून रूपीमावशीची हाक आलीच. "हिरूऽ, काय सांगितलं रं?"

काकाने श्वास भरून घेतला. मी त्याच्या शर्टाकडेच बघत होते, उजव्या बरगड्यांखाली, जिथे आता ते लिव्हर दोन बोटं खाली गेलं असणार. मग तो लांबलचक ओ निघाला, आणि ते आत हळूहळू वर यायला लागलं असणार.