रेखानं लिहिलेला प्रोग्रॅम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, पण आधीच बजावते: मला समजून घ्यायला जाऊ नका.

धारवाडच्या एका कॉलेजात मी पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवायची. रेखा अळणावरहून रोज रेल्वेनं यायची. कॉम्प्युटरला तिनं पहिल्यांदा हात लावला तो आमच्या लॅबमध्येच. पण पोरगी हट्टी. दिलेला आकडा उलटा करून दाखवायचा प्रोग्रॅम होता. दुपारभर ती चुकत राहिली, पुसत राहिली, आणि जमलं तेव्हा एकटीच हसली. मी तिच्या खुर्चीमागेच उभी होते — सगळं बघत.

मुलांनी प्रोग्रॅम जमा केले तेव्हा दोन अगदी सारखे निघाले. एक रेखाचा, दुसरा प्राचार्यांच्या पुतण्याचा. प्रोग्रॅममध्ये आकडे ठेवायच्या जागांना नावं द्यावी लागतात. रेखानं ती मराठीत दिली होती — ‘उरलेला’, ‘उलटलेला’. पुतण्याच्या प्रोग्रॅममध्येही तीच. घरी-दारी कन्नड बोलणारा मुलगा, मराठीचा एक शब्द येत नव्हता त्याला. मग चोर कोण, हे कळायला फार अक्कल लागते का?

दोघांना स्टाफरूममध्ये बोलावलं. तो खाली बघत राहिला. मी रेखाला म्हटलं, कॉपी केलीस हे कबूल कर, माफी माग, निम्मे मार्क देते.

“मी लिहिलाय, मॅडम. तुम्ही मागंच उभ्या होता की.”

“मी काही पाहिलेलं नाही.”

तिनं माफी मागितली नाही. शून्य घेतलं, आणि दिवाळीनंतर कॉलेजला आलीच नाही. अळणावरला जाऊन चौकशी करणं अवघड होतं का? नव्हतं. मी केली नाही.

आता तुम्ही म्हणाल, प्राचार्यांचा दबाव असेल. नव्हता. त्यांनी कधी शब्दही काढला नाही — बहुधा त्यांना ठाऊकही नव्हतं. कुणी काही सांगायच्या आधीच मी वाकले होते. नोकरी पक्की होती, तरी घाबरले — त्याला हवं ते नाव द्या, फक्त नाइलाज म्हणू नका.

यंदा निवृत्त झाले. समारंभात एक जुना विद्यार्थी म्हणाला, मॅडमनी कधी कुणाची गय केली नाही. टाळ्या झाल्या. मी उठले, शाल घेतली. नको म्हणता आलं असतं.

चांगली ऊबदार आहे. मी ती रोज पांघरते.